मदत हवी आहे: प्रेस्टनमधले बालमृत्यू, 1881-1900

लँकेशरमधल्या प्रेस्टन या गिरणगावात तेव्हा हजार जन्मांमागे 200हून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावत; अख्ख्या इंग्लंडचा आकडा 150च्या आसपास. उन्हाळी हगवण, लांब रबरी नळीची धड न धुता येणारी दुधाची बाटली, मैल्याचे खड्डे, गिरणीत जाणाऱ्या आया, ही कारणं वाचली आहेत. (आयांवर खापर जरा जास्तच फोडलेलं दिसतं.) रजिस्ट्रार जनरलचे (जन्म-मृत्यूंच्या नोंदणीचा तिथला मुख्य अधिकारी) वार्षिक अहवाल चाळले, पण बऱ्याच मृत्यूंपुढे नुसतं 'आकडी', 'दात येणे' किंवा 'अशक्तपणा'. इंग्लंडला जाणं शक्य नाही, ऑनलाइन मिळेल तेवढंच हाताशी. जुलै-सप्टेंबर तिमाहीतले असे मृत्यू हगवणीत धरावेत की वेगळे ठेवावेत? आणि मृत्यूचं वय महिन्यांत कुठल्या अहवालात मिळेल?