आजोबांच्या ट्रंकेतली तलवार नेमकी कुठली?

कसब्यातली
वाडा पाडायला द्यायचाय. माळा रिकामा करताना आजोबांच्या लष्करी ट्रंकेतली तलवार खाली काढली. ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. खंडेनवमीला आजी विळी, कोयता, शिलाई मशीनसुद्धा पूजेला मांडायची, पण ही तलवार कधीच नाही. "कुणाचं रक्त लागलंय कोण जाणे," म्हणायची. आजोबा यावर काही बोलायचे नाहीत. आता दोघंही नाहीत.

पातं 22 इंच, एकाच बाजूला धार, किंचित बाक. मूठ गोल, 10 इंच, चांदीच्या पत्र्याने मढवलेली. मूठ आणि पात्याच्या मध्ये आडवी पट्टी वगैरे काही नाही. पात्याचा मुठीकडचा अर्धा भाग काळा, त्यावर चांदीची चित्रं: मुकुट घातलेला माणूस, हत्ती, काठी टेकत चाललेला वाकलेला म्हातारा, त्याच्यापुढे दोन मुलं. खाली गोल गोल अक्षरांची ओळ. मला कानडी वाटली, पण शेजारच्या कानडी काकूंना एक अक्षर लागलं नाही. जुन्या बाजारात एकाने जपानी म्हणून सांगितलं. तेव्हापासून आजीचं बोलणं डोक्यातून जात नाहीये. काळं घासून काढलं तर आणखी काही दिसेल का?

तांबटआळीकर
ताई, घासू नका! चिंच नको, भांड्यांची पावडर तर नकोच. तो काळा रंग म्हणजे घाण नाही, मुद्दाम केलेली जमीन आहे, बिदरीच्या सुरईवर असते तशी. लोखंडावर बारीक आडव्यातिडव्या रेघा कोरतात आणि चांदीची तार त्यावर ठोकून बसवतात. आपल्याकडे याला कोफ्तगिरी म्हणतात. जमीन घासली की तार सुटते आणि परत बसत नाही. मऊ कापडाने मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा, बस.

म्यानवेडा
जपानी नाही. जपानी तलवारीला मुठीपुढे चकती असते. जावाची म्हणाल, तर तिथला क्रिस नावाचा खंजीर मुठीशी एका अंगाने रुंद होतो. आडोसा नाही, मूठ गोल आणि लांब, म्हणजे ब्रह्मदेशातली 'धा'. अशा तलवारी सयाम आणि लाओसमध्येही होत्या, पण गोल अक्षरं बर्मीच. काळ्या पात्यावर चांदीची चित्रं हे तिथल्या मिंदान गावच्या लोहारांचं काम. इंग्रजी अमलात या तलवारी भेट द्यायला आणि साहेबलोकांना विकायला बनत. लढाईतली तलवार सहसा इतकी सजवत नसत.

रत्नागिरीची
ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची तर नसेल? त्याच्या घरातल्या पुष्कळ वस्तू बाहेर गेल्या असं आमच्याकडे म्हणतात.

लेणीभटक्या
चित्रांवरून अंगावर काटा आला. वाकलेला म्हातारा आणि दोन मुलं, म्हणजे विश्वंतर जातक, बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा! राजपुत्र आधी राज्याचा पांढरा हत्ती दान करतो, लोक चिडून त्याला वनात धाडतात. तिथे जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येऊन त्याची मुलं मागतो आणि तो तीही देऊन टाकतो. ब्रह्मदेशात ही कथा घराघरात माहीत असते. आपल्याकडे अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेण्यात हीच रंगवलेली आहे. मुलांचे हात बांधलेत का, भिंगातून बघा. आणि ओळीच्या शेवटी चार आकडे आहेत का? बर्मी दोन आपल्या दोनासारखाच दिसतो. बर्मी सनात 638 मिळवले की इसवी सन येतो.

कसब्यातली
भिंग घेऊन खिडकीत बसले. मुलांचे हात दोरीने बांधलेत, दोराचं टोक म्हाताऱ्याच्या हातात आहे. शेवटी चार आकडे आहेत. दुसरा खरंच आपला दोन! बर्मी अंकांच्या तक्त्याशी ताडून पाहिले: 1265. म्हणजे 1903.

रत्नागिरीच्या ताई, थिबा 1885 मध्येच पदच्युत झाला आणि 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीतच होता. त्यामुळे त्याने येताना आणलेली ही नव्हे.

आजोबा तिकडे पोचले तेव्हा ही जवळजवळ 40 वर्षांची जुनी होती. कुणी दिली, की विकत घेतली, ते आता कळायचं नाही. पण धारेवर एकही खाच नाही. बोट फिरवून पाहिलं, दोनदा. खंडेनवमीला आजीच्या विळीशेजारी मांडणार आहे.

लेणीभटक्या
मांडाल तेव्हा हत्तीची बाजू वर ठेवा. कथा तिथून सुरू होते.