कसोटी क्रमवारी: घरच्या अन् बाहेरच्या विजयाला एकच माप का?

जालन्याचा ओपनर: मंडळी, आयसीसीच्या कसोटी क्रमवारीत मैदान कोणाचं होतं याला काडीची किंमत नाही. दोन संघांच्या रेटिंगमधलं (म्हणजे सामन्यामागच्या सरासरी गुणांमधलं) अंतर ४० पेक्षा कमी असलं, की जिंकणाऱ्याला समोरच्याचं रेटिंग अधिक ५० मिळतात अन् हरणाऱ्याला समोरच्याचं रेटिंग वजा ५०. म्हणजे १०० रेटिंगवाल्याला हरवलं की १५०. नागपुरात हरवा नाहीतर ब्रिस्बेनला. २०१६-१७ ला आपण घरी १३ कसोट्या खेळलो, १० जिंकलो, एकच हरलो. त्या पुंजीवर २०१८ ला दक्षिण आफ्रिकेत १-२ अन् इंग्लंडमध्ये १-४ मार खाऊनही पहिला नंबर हलला नाही. बाहेरच्या विजयाला जादा गुण द्यायलाच पाहिजेत.

मांजराकाठचा लातूरकर: जादा म्हणजे किती, ते तर सांगा राव. अन् बाहेर जिंकल्यावर जादा द्यायचे, तर घरी हरल्यावर जादा कापावे लागतील. ओळीनं १८ घरच्या मालिका जिंकलेल्या आपल्याला २०२४ ला न्यूझीलंडनं ३-० धुतलं. पुण्यात त्यांच्या एकट्या फिरकीपटू सँटनरनं १३ विकेटा काढल्या. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिका कोलकाता अन् गुवाहाटी दोन्ही मारून गेली. तुमच्या हिशेबानं आपण अजून खाली.

जालन्याचा ओपनर: जाऊ द्या की खाली! क्रमवारी काय आपल्या खुशीसाठी काढतात का? जानेवारी २०२४ ला वेस्ट इंडिजनं ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर ऑस्ट्रेलियाला ८ धावांनी हरवलं. तेवढेच गुण त्यांना आपल्या घरी किंग्स्टनला जिंकून मिळाले असते. हे पटतंय तुम्हाला?

बीडचा थर्डमॅन: आधी घर कोणतं ते ठरवा. ऑगस्ट २०१६ ला पाकिस्तान एक नंबरला गेला, तेव्हा त्यांच्या देशात कसोटीच होत नव्हती. २००९ ते २०१९ ‘घरचे’ सामने बहुतेक अमिरातीत. त्याला घर म्हणायचं का तटस्थ मैदान?

परभणीकर ताई: भाऊ, प्रश्न जादा गुणांचा नाहीच. कोरडवाहू अन् बागायती रानाचा एकरी उतारा एकत्र करून सरासरी काढल्यावर कोणत्या रानाचं काय कळणार? प्रत्येक संघाचं घरचं रेटिंग वेगळं, बाहेरचं वेगळं काढा. पाहुणा संघ जिंकला की यजमानाचं घरचं रेटिंग धरून गुण द्या. गाबावरच्या विजयाचं मोल आपोआप वाढेल. किती जादा द्यायचे हा वादच उरत नाही. अमिरातीचंही तेच, पाकिस्तान तिथं जसा खेळला तसा आकडा येईल.

बीडचा थर्डमॅन: हे जरा डोक्यात बसलं. पण जागतिक कसोटी स्पर्धेत तीन मालिका घरी, तीन बाहेर असतातच ना?

परभणीकर ताई: असतात, पण कोणाच्या घरी? २०२३-२५ च्या फेरीत दक्षिण आफ्रिकेची ऑस्ट्रेलिया अन् इंग्लंडशी एकही मालिका नव्हती. लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवलं, चोख हरवलं. पण तिथवरची वाट सोपी होती, हे नाकारू नका.

मांजराकाठचा लातूरकर: ताई, हिशेब देखणा आहे, कसोट्या आणायच्या कुठून? क्रमवारीत गेल्या तीन-चार वर्षांचेच सामने धरतात, त्यातल्या जुन्यांचं वजन निम्मं. भारत-इंग्लंडचं ठीक आहे. आयर्लंडची पहिली कसोटीच २०१८ ची. त्यांच्या घरच्या कसोट्या बोटांवर मोजा अन् सांगा, त्यावर कसलं रेटिंग काढणार?