आवाज आणि वेळ, दोन्ही सांभाळा

आईबाबा आणि लहान मुलं मिळून नाचतात अशा पार्ट्यांमध्ये मुलांच्या कानांवर मफ (हेडफोनसारखे दिसणारे, आवाज अडवणारे कानझाकणे) चढवले की आवाज कितीही चालेल, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मफने आवाज कमी होतो, थांबत नाही, आणि दोन वर्षांचं मूल ते कधी काढून फेकेल याचा नेम नसतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित धरते, मुलांसाठी ७५. त्यापुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो! म्हणून मुळात आवाजच कमी ठेवा, स्पीकरजवळ मुलांना फिरकू देऊ नका. मफ हवेतच, पण जोडीला.

लखलखणारे दिवे नकोत. दमलेल्या मुलांना बसायला एक शांत कोपरा हवा. पार्टी दुपारच्या झोपेआधी संपवा, नाहीतर शेवटचा अर्धा तास नुसती रडारड.

आणि आईबाबांनो, मोबाइल खिशात ठेवून तुम्हीही नाचा. आपली माणसं मनसोक्त नाचताना दिसली की बुजरं मूलसुद्धा हळूच ठेका धरतं. मला तर या पार्ट्यांचं सगळ्यात जास्त अप्रूप त्याचंच वाटतं.