गाईड म्हणाला, ‘मागं फिरा’: तुमचा अनुभव सांगा

शिवाजी पेठ (धागा काढणारा)

परवा सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर एक ओळखीचे काका भेटले. जूनमध्ये हिमालयातली रूपिन पास ही खिंड करायला निघालेत. म्हणाले, “पन्हाळा-पावनखिंड आठ वेळा केलंय. गाईड काय, पैशात धरलाय म्हणून असेल मागंपुढं.” मी तिथं काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा. उंचावरच्या खड्या वाटेवर गाईडबरोबर गेला असाल, तर त्या माणसाबद्दल लिहा. तारे किती दिसले, सूर्योदय कसा होता, ते नको. त्याचं ऐकलंत का, नाही ऐकलं तर काय झालं, ते सांगा.

सुरुवात मी करतो. रूपिन पास ४,६५० मीटर, म्हणजे आपले पावणेपाच पन्हाळे एकावर एक. उत्तराखंडात धौला गावातून निघायचं आणि हिमाचलात सांगल्याला उतरायचं. आमचा गाईड वाटेतल्याच जाखा गावचा, चोविशीतला पोरगा. मला पहिल्या दिवसापासून ‘अंकल’ म्हणायचा. मी सत्तेचाळीस. चढापेक्षा ते जास्त लागलं.

खिंडीच्या दिवशी त्यानं रात्री अडीचला उठवलं. मी कुरकुरलो, एवढ्या लवकर कशाला? कारण वर गेल्यावर कळलं. शेवटची घळ नाकासमोर उभी, पूर्ण बर्फाची. पहाटे बर्फ दगडासारखा घट्ट असतो, त्यात पायऱ्या खोदता येतात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि वरून दगड सुटायला लागतात. पोरगा पुढं कुऱ्हाडीनं खाचा पाडत होता, मागून आम्ही बुटाला काटे चढवून. तो एकच वाक्य म्हणत होता, “अंकल, मेरे पैर पे पैर रखो. ऊपर मत देखो, नीचे भी मत देखो.” माझ्या पुढच्याला तिथंच मोबाईल काढायची हुक्की आली. आठ दिवसांत आवाज न चढवलेला तो पोरगा असा ओरडला की घळ दणाणली. मोबाईल परत खिशात गेला.

वर दहा मिनिटं थांबू दिलं. भांडून अकरा करून घेतली.

रुईकर कॉलनी

मी शिक्षिका, निवृत्तीला चार वर्षं राहिली होती तेव्हा नेपाळात अन्नपूर्णा सर्किट केलं. त्यातली ‘थोरोंग ला’ ही खिंड ५,४१६ मीटर. घरी सांगितलं होतं मुक्तिनाथाच्या दर्शनाला चाललेय, आणि ते खोटंही नव्हतं, खिंडीच्या पलीकडं मुक्तिनाथच आहे. फक्त जीपनं जात नव्हते एवढंच.

मनांगला (३,५४० मीटर) आमच्या गाईडताईंनी, हो, बाई होत्या, दोन रात्री थांबवलं. मधल्या दिवशी वर एका तळ्यापर्यंत चढवलं आणि झोपायला परत खाली आणलं. आमच्यातल्या दोघांना हा वेळेचा अपव्यय वाटला. दुपारी त्या आम्हाला तिथल्या बचाव संघटनेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. हंगामात तिथं रोज उंचीच्या आजारावर माहिती देतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हे मी तिथं वहीत लिहून घेतलं. सवय, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. ताई म्हणाल्या, आज नाही निघायचं. पुन्हा कुरकुर. त्यांनी शांतपणे २०१४ चा ऑक्टोबर सांगितला. आंध्राच्या किनाऱ्यावर आलेल्या हुदहुद वादळाचं उरलंसुरलं आभाळ तिकडं पोचलं आणि त्या परिसरात चाळीसहून जास्त माणसं बर्फात गेली. त्यांत वाटाडे होते, भारवाहक होते, परदेशी होते. “त्या दिवशी सकाळी निघालेल्यांना पण घाई होती,” एवढंच म्हणाल्या. आम्ही गप बसून पत्ते खेळलो.

खिंड पार झाली. पलीकडं एका दिवसात सोळाशे मीटर उतार आहे, माझे गुडघे तिथं राहिले म्हणायला हरकत नाही. मुक्तिनाथाच्या एकशेआठ धारांखाली मात्र मी उभी राहिले. पाणी इतकं गार की मनातलं मागणं विसरले.

उद्यमनगर

भाचा तालमीत वाढलेला. रोज पाचशे जोर, हजार बैठका. त्याला घेऊन २०१८ मध्ये लडाखला स्टोक कांगरीला गेलो. ६,१५३ मीटर. (२०२० मध्ये ते शिखर बंद केलं.) मी पन्नाशीचा, पोट सुटलेला, फौंड्रीत उभं राहून नोकरी. सगळे म्हणाले, मामाला भाचा ओढत नेईल.

विमानानं लेह. एकदम साडेतीन हजार मीटरवर. गाईड म्हणाला, दोन दिवस झोपा, खा, पाणी प्या, काही करू नका. भाच्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत जोर मारले. मी बघितलं, हसलो. माझी चूक.

बेस कॅम्प जवळपास पाच हजारावर. गड्याचं डोकं ठणकायला लागलं. मला म्हणाला, “मामा, गाईडला सांगू नका, परत पाठवंल.” मी नाही सांगितलं. ही दुसरी चूक, आणि मोठी. रात्री ओकला. पहाटे तंबूतून बाहेर निघाला तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय. गाईडनं एक नजर टाकली. काही विचारलं नाही. घोडा मागवला, पाठीवर पिशवी टाकली आणि लगेच खाली. मी शिखराचं नाव काढलं तर माझ्याकडं असं बघितलं की आज पण आठवलं की मान खाली जाते. दीडएक हजार मीटर उतरलो तेव्हा पोरगा बोलायला लागला, पहिलं वाक्य, “मामा, भूक लागली.” रडलो मी तिथं.

आता तालमीत कोण डोंगराची भाषा काढली की भाचाच सांगतो, दंडाच्या घेराचा नि तिथल्या हवेचा काही संबंध नाही.

ताराबाई पार्क

उद्यमनगरवाल्यांनी लिहिलंय ती झोकांडी डॉक्टर म्हणून अधोरेखित करतो. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण. शंका आली तर पेशंटला एका सरळ रेषेत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावून चालायला सांगा. जमलं नाही तर रात्र असो की पहाट, खाली न्या. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात गुलाबी फेस, हे फुप्फुसात पाणी होतंय म्हणून. त्यालाही तोच उपाय, खाली उतरणं. ऑक्सिजन आणि इंजेक्शनं उतरायला वेळ मिळावा म्हणून असतात, वर राहायला नव्हे.

लोक बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन येतात आणि ८२ आकडा बघून घाबरतात, किंवा ९० बघून निर्धास्त होतात. दोन्ही चूक. उंचावर आकडा कमीच येतो, माणूस कसा दिसतो ते बघा. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या आजारावरच्या गोळीबद्दल, दर मे महिन्यात फोन येतात. आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, त्यानं दचकू नका. आणि रात्री ‘थोडीशी’ घेतली की झोप लागते म्हणणाऱ्यांना माझा दंडवत.

लक्ष्मीपुरी

सगळेच गाईड देव नसतात, हे पण लिहायला पाहिजे. कंपनीचं नाव घेत नाही, पासचंही नाही. स्वस्त मिळालं म्हणून गेलो, व्यापारी माणूस. बावीस जणांत गाईड एक, मदतीला एक पोरगा, त्याची पण पहिलीच वेळ. दुसऱ्या मुक्कामी एका बाईंना धाप लागली. ऑक्सिजनचा सिलिंडर काढला तर नळीचं तोंडच बसेना. गाईड मला विचारतो, “सर, आपको आता है क्या?” मी घाऊक कांद्याचा व्यापार करतो.

बाई उतरल्या, बऱ्या झाल्या. पण तेव्हापासून पैसे भरायच्या आधी मी विचारतो: किती माणसांमागं किती गाईड, सिलिंडर कधी उघडून बघितला, घोडा किंवा स्ट्रेचर कुठपर्यंत येतो, गाईड त्याच खोऱ्यातला आहे का. उत्तर द्यायला जो कां-कूं करतो त्याचा नंबर खोडतो.

मंगळवार पेठ

शिवाजी पेठेच्या माणसानं कुणाच्या तरी पायावर पाय ठेवून चालल्याचं कबूल केलं, हेच मोठं. धागा जपून ठेवतोय. आपल्या दोन पेठांच्या फुटबॉल हंगामात कामाला येईल.

कागल

सगळे गाईडचं कौतुक करताय म्हणून थोडं उलटं लिहिते. हिमाचलातली बुरान घाटी ही खिंड, ४,५७० मीटरच्या आसपास. जांगलिकपासून चार दिवस मी नीट चालले. खिंडीच्या सकाळी मी आणि आणखी एक काका मागं पडलो. गाईडनं घड्याळ बघितलं आणि मला म्हणाला, मॅडम, आप वापस. काकांना तो जाऊ दे म्हणाला. काका माझ्या मागं होते!

मी विचारलं, मलाच का? म्हणाला, पलीकडं बर्फाच्या भिंतीवरून दोराला धरून उतरायचंय, तुम्ही थकलाय. मी थकले होते हे खरं. काकाही थकले होते. त्यांना त्यानं विचारलंसुद्धा नाही. मी परत फिरले, कारण तिथं वाद घालणं म्हणजे बाकीच्यांचा वेळ खाणं, तेवढं मला कळतं. पण निर्णय बरोबर होता का, हे मला आजही माहीत नाही. त्याचं ऐकलं, पटलं नाही. दोन्ही लिहून ठेवते.

शिवाजी पेठ

कागलच्या ताई, हे लिहिलंत ते बरं झालं. काकांना पण फिरवायला पाहिजे होतं, असं मला वाटतं. मंगळवार पेठ, मैदानात भेटू.

माझ्या गाईडचं एक राहिलं. गेल्या जुलैत तो जाखाहून थेट कोल्हापूरला आला. दिल्लीहून निजामुद्दीन गाडी पकडून, वजनदार जॅकेट घालून. त्याला तांबडा-पांढरा घातला, तांबड्यानं डोळ्यांत पाणी आलं, पांढऱ्याच्या पाच वाट्या प्याला. मग पावनखिंडीच्या वाटेला घेऊन गेलो. मसाई पठारावर धुकं, पुढं भाताची खाचरं, लाल चिखल, बांध हातभर रुंद. बर्फाच्या उभ्या घळीत शिडीसारखा चढणारा पोरगा पहिल्याच बांधावरून घसरून सपशेल खाचरात. उठला, पुन्हा पडला. मी हात दिला आणि म्हटलं, “बेटा, मेरे पैर पे पैर रख.”

चिखल पुसत तो म्हणाला, “अंकल, यहाँ तो बर्फ से ज़्यादा खतरा है. आपका गाईड कौन है?”