मदत हवी आहे: फिल्म कॅमेरा रोलचा आयएसओ चुकीचा धरतोय

गिरणाकाठ
कॅमेरा रोलचा स्पीड (आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) चुकीचा धरतोय. बॅटरी काढून परत घातली, तरी तेच. परवा सारंगखेड्याच्या यात्रेला निघायचंय आणि हातात हा एकच रोल आहे. लवकर सांगा कोणीतरी.

तापी_पॅसेंजर
चुकीचा म्हणजे किती? कॅमेरा कोणता? डबीवर काय छापलंय आणि पडद्यावर काय येतंय? एवढं लिहिल्याशिवाय काय सांगणार भाऊ.

सातपुडा४००
बॅटरी नुसती काढून घालू नका, नवी टाका. थंडीत व्होल्टेज पडतं. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

गिरणाकाठ
निकॉन एफ८०. रोल २०० चा, दाखवतो १००. आठ फोटो निघाल्यावर लक्षात आलं.

तापी_पॅसेंजर
@सातपुडा४००, बॅटरी उतरली की पडदा विझतो, शटर अडतं. २०० चे बरोब्बर १०० बॅटरी करत नाही. @गिरणाकाठ, डबी कंपनीची सीलबंद आहे की कोणी भरून दिलेली? सिनेमाची फिल्म वापरलेल्या डबीत भरून विकतात, तेव्हा आत २५० ची फिल्म आणि डबीवरचे स्पीड सांगणारे चौकोन जुन्या रोलचे असतात. कॅमेरा कप्प्यातल्या पिनांनी चौकोन वाचतो, आतली फिल्म त्याला कळत नाही.

गिरणाकाठ
सीलबंद.

चोपड्याचे_नाना
पिना-बिना, डब्या-बिब्या राहू द्या भो. डावीकडची डायल आयएसओवर फिरवा, मागच्या चाकाने २०० करा, डायल परत जागेवर. झालं.

डबीफोड
नाना, कामचलाऊ आहे. हाताने लावलेला आकडा पुढच्या रोललाही तसाच राहतो. उद्या ४०० चा घातला की तोही २०० वर निघेल. मूळ दोष शोधू. @गिरणाकाठ, याआधी दुसऱ्या स्पीडचा रोल घातला होता का?

गिरणाकाठ
हो, ४०० चा. तो ४०० च दाखवला होता. म्हणजे पिना चांगल्याच ना?

डबीफोड
उलट, त्यावरूनच खराब पिन सापडते. डबी अशी धरा की फिरकीचं बाहेर आलेलं टोक डाव्या हाताला येईल. वरच्या ओळीत सहा चौकोन दिसतील, काही चंदेरी, काही काळे. चंदेरीतून वीज जाते, काळ्यातून नाही. पहिला कायम चंदेरी, तो सगळ्यांचा सामायिक. दुसरा, तिसरा, चौथा मिळून स्पीडचे मोठे टप्पे ठरतात, पाचवा-सहावा मधले एकतृतीयांश.

१०० च्या डबीवर चंदेरी: १, ३, ५.
२०० वर: १, २, ३, ५.
४०० वर: १, ४, ५.

आता कॅमेऱ्यातली दोन नंबरची पिन टेकत नाही असं धरा. २०० मधून २ गेला की उरतं १, ३, ५, म्हणजे १००. ४०० ला २ लागतच नाही, म्हणून तो बरोबर आला. ८०० चा घाला, ४०० दाखवेल. तीन नंबर मेली असती तर २०० चे ५० झाले असते, चार नंबर मेली असती तर ४०० चे २५.

केळीचा_घड
मग डबीच्या दोन नंबरवर चंदेरी टेप चिकटवा, पिनेला भिडेल.

डबीफोड
तो चौकोन आधीच चंदेरी आहे! टेप लागते काळा चौकोन चालू करायला, बिनचौकोनी डबीला कोड द्यायला. इथं आणखी जाडी कशाला? शंका असेल तर रोल बाहेर आल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक १ वर, दुसरं २ वर लावा. बीप आली की डबी निर्दोष.

सातपुडा४००
यात्रेत दुपारच्या उन्हात लेन्सचं छिद्र एफ१६ वर ठेवून कॅमेरा किती शटर सुचवतो ते बघा. १/२५० च्या आसपास आलं तर कॅमेरा २०० धरतोय, १/१२५ आलं तर १००. शिवाय उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर रोल ठेवू नका.

तापी_पॅसेंजर
उन्हातली चाचणी चांगली, डॅशबोर्डचं कोणी विचारलं नव्हतं.

गिरणाकाठ
ते आठ फोटो गेले का? आणि रोल आत असताना पिना साफ कशा करायच्या?

तापी_पॅसेंजर
गेले नाहीत. एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड पडलाय, रंगीत निगेटिव्ह तो सहज पचवते. स्लाइड फिल्म असती तर रडायची वेळ. लॅबला काही सांगू नका, नेहमीसारखीच धुवू दे.

झाकण उघडू नका. एक तर नानांच्या पद्धतीने हाच रोल २०० वर संपवा. नाहीतर दोन्ही रिवाइंड बटणं एकदम दाबून रोल गुंडाळा. लीडर (फिल्मचं सुरुवातीचं टोक) डबीच्या आत जाईल, ते पिकरने (टोक ओढायच्या पट्टीने) बाहेर ओढा. पिना साफ झाल्यावर रोल परत घाला, लेन्सला टोपी लावा, फोकस मॅन्युअल, मोड एम (मॅन्युअल), शटर १/४०००, एफ२२ आणि दहा क्लिक कोरे सोडा. आठ तुमचे, दोन अंतर राहावं म्हणून.

साफसफाई: मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरिनचा थर बसतो. कापसाची काडी ओली करून पिळा, थेंब पडता कामा नये. डबीचा कप्पा जमिनीकडे धरा, म्हणजे सुटलेला कचरा आत जाणार नाही. शटरच्या पडद्याला काडी लागू देऊ नका. मग टूथपिकने एकेक पिन दाबून सोडा. प्रत्येकीने उसळून सारख्याच उंचीवर यायला हवं.

केळीचा_घड
पॉलिश पेपरने दोन मिनिटांत चकाचक होतात.

डबीफोड
आणि मुलामा दोन मिनिटांत उडतो. तेलकट स्प्रेसुद्धा मारू नका, फिल्मला लागतो.

गिरणाकाठ
रोल गुंडाळला. दोन नंबरची पिन खरंच बाकीच्यांपेक्षा आत बसलीय. भोवती पांढरं काहीतरी जमलंय.

डबीफोड
पांढरं? कशाचं?

गिरणाकाठ
पाठीचं रबर चिकट झालं होतं म्हणून टाल्कम पावडर चोळली होती. झाकण उघडंच होतं तेव्हा.

तापी_पॅसेंजर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं भाऊ! फुगा-ब्लोअरने कोरडी पावडर आधी उडवा, अल्कोहोल नंतर, नाहीतर लगदा होऊन पिनेच्या भोकात बसेल. पिन दहा-बारा वेळा दाबा. झाकणाच्या कडेची खाचही पुसा.

गिरणाकाठ
चार काड्या काळ्या-पांढऱ्या झाल्या. पिन आता वर येते. रोल घातला, २०० दाखवतोय. दहा क्लिकही सोडले.

चोपड्याचे_नाना
आते कसं शे! मधे माझं ऐकून हाताने २०० लावलं असेल तर डीएक्सवर (चौकोन वाचून आपोआप स्पीड धरण्यावर) परत आणा, नाहीतर तो आकडा पिनेचा नाही, तुमचाच दिसतोय.

गिरणाकाठ
लावलं होतं. आता डीएक्सवर आणलं. २०० च आहे.

केळीचा_घड
जळगावात सी-४१ (रंगीत निगेटिव्ह) कोण धुतं सध्या?