नळदुर्ग, पितळखोरा, वेरूळ: बेत कसा ठरवलात? अनुभव लिहा

दसऱ्याच्या सुट्टीत लातूरहून नळदुर्गचा किल्ला बघायला जायचं घाटतंय. सोबत गुडघेदुखीवाली आई आणि दोन पोरं. "छान आहे, नक्की जा" एवढंच लिहू नका, काय फसलं ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मागं एकदा श्रावणात धपाटे, शेंगाची चटणी बांधून गेलो. नर-मादी धबधबे बघायचे म्हणून पोरं रस्ताभर नाचत होती. बघतो तर बंधाऱ्यावर दोन काळपट ओले पट्टे, आणि वर निवांत बसलेली कबुतरं. धाकटा म्हणाला, "बाबा, ह्यातला नर कोणता?"

*नळदुर्गकर*
अहो, गावात पाऊस पडून भागत नाही. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं तरच नर-मादी कोसळतात. निघण्याआधी इथल्या कुणाला तरी फोन लावा. आणि धबधबा नसला तरी पाणीमहालात उतराच. 1613 मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात, नदी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटातच हा महाल बांधलाय. पाणी चालू असताना आत खिडकीशी उभं राहायचं. समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसतात, नि अंगावर थेंब नाही. लहानपणापासून बघतोय, तरी दरवर्षी जातो.

*संभाजीनगरची सून*
नागपूरचे पाहुणे घेऊन वेरूळला गेलो. वार मंगळवार. लेणी बंद! अजिंठा सोमवारी बंद असतो एवढं डोक्यात होतं, वेरूळचा वार वेगळा हे गाडीतल्या सात जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मग घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि येताना दौलताबाद चढलो. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांच्या वासानं जाऊबाई मागे फिरल्या. कैलास लेणं राहिलं ते राहिलंच, पाहुणे अजून टोमणे मारतात.

*निवृत्त मास्तर, कन्नड*
गर्दी नको असेल तर आमचं पितळखोरा. गौताळ्याच्या जंगलात दरीत उतरायचं, पायऱ्या भरपूर, त्यामुळे तुमच्या आईंना जमणार नाही, स्पष्ट सांगतो. लेणी इसवी सनापूर्वीची. पायथ्याशी दगडी हत्तींची रांग आहे. त्यांच्यासमोर मी डबा उघडला आणि माकडानं भाकरी नेली, ठेचा मात्र ठेवला. इथं सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कण्हदास नावाच्या सोनारानं घडवल्याचं त्याच्या हातावरच कोरलंय. सोनाराचा हात दगडावर कसा चालला असेल, हा विचार मला उतरताना दर वेळी येतो. पाणी घरूनच न्या.

*सोलापूरकर*
नळदुर्ग आम्हाला हैदराबाद रस्त्यानं तासाभरावर. उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, माझ्या आईनं चौथ्या पायरीवरच हात जोडले. तिला खाली सावलीत बसवलं आणि आम्ही आळीपाळीनं वर गेलो. वरच्या तोफा बघून आलेला प्रत्येक जण तिला वेगळंच वर्णन सांगायचा. तिचं म्हणणं, "तुमच्यापेक्षा माझाच किल्ला जास्त बघून झाला."

*नळदुर्गकर*
पुन्हा मीच. दसऱ्याचं ऐकून राहवेना. नवरात्रात तुळजापूरकडं येणारे रस्ते भरलेले असतात. कोजागिरीला तर सोलापूरहून लोक रात्रभर पायी येतात, तेव्हा त्या रस्त्यावर गाडी घालूच नका. पौषातही बघून या, पौर्णिमेला खंडोबाची यात्रा असते. देव पावणेदोन महिने आमच्याकडं, सव्वादहा महिने अणदूरला. दोन्ही गावांचा करारच आहे तसा.

*धागाकर्ता*
दसरा रद्द. कोजागिरी उलटली की पुढच्या रविवारी येतो. नळदुर्गकर, शनिवारी संध्याकाळी फोन करीन, सांडव्याचं तेवढं बघून ठेवा. आईला विचारलं, तर म्हणते धबधब्याचं तुमचं तुम्ही बघा, मला अणदूरच्या खंडोबाला न्या.