दुसरा म्हणजे दोन नंबरचाच असं नाही

'दुसरा' हा साधा क्रमवाचक शब्द, त्यात अर्थाची भानगड कसली, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. त्यांना आमच्या सोलापुरात चादरीच्या दुकानात तासभर बसवायला पाहिजे. गिऱ्हाईक म्हणतं, "ही नको, दुसरी दाखवा." दुकानदार पाचवी घडी मोडतो, तरी "दुसरी नाही का?" चालूच. मोजतंय कोण! दुसरी म्हणजे हिच्यापेक्षा निराळी, बस्स.

शेजारच्या भाषांनी ही कामं वाटून दिली आहेत. तेलुगूत क्रमाला 'रेंडो' आणि निराळ्याला 'वेरे', कन्नडमध्ये 'एरडने' आणि 'बेरे'. आमच्या गल्लीत तिन्ही भाषा चालायच्या. एक तेलुगू मित्र पतंग बदलून मागताना "वेगळी दे" म्हणायचा, आम्ही हसायचो. आता वाटतं, त्याचंच नेमकं होतं.

'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नको' यात तर दुसरा म्हणजे सरळ परका. जुन्या 'दुजा'चंही तेच: दुजाभावात परकेपणा, पण दुजवरात पुन्हा मोजणी, कारण त्याचं लग्नच दुसरं. क्रिकेटमध्ये पाकिस्तानी फिरकीपटू सकलेन मुश्ताकमुळे गाजलेला 'दुसरा' चेंडूही षटकातला दुसरा नव्हे. ऑफस्पिनरचा नेहमीपेक्षा उलट्या बाजूला वळणारा, म्हणून दुसरा. (हा हिंदी-उर्दूतून आला, पण मराठी कानाला समजावून सांगावा लागला नाही.)

आणि 'तिसराच'? "विचारलं एक, सांगतोय तिसरंच." मधलं दुसरं कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही.